एकच डंख, आणि सगळे धावले दुसऱ्याच माणसाकडे

हिंगणघाट-वणी पट्ट्यातल्या एका जिनिंगमधलं (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातलं) प्रकरण आहे, डिसेंबरमधलं, म्हणजे ऐन कापसाच्या सीझनचं. जिनिंगचं आणि माणसांचं नाव देत नाही, त्याची गरजही नाही. मी या भागातल्या जिनिंग, डाळमिल, ऑइलमिलवाल्यांकडे सेफ्टीचं ट्रेनिंग घेत असतो, हे प्रकरण झाल्यावर मालकांनी बोलावलं म्हणून गेलो आणि मुनीम, मुकादम, बायका, हमाल, आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर आणि जिच्यावर बेतलं ती बाई, सगळ्यांशी बोललो. जिनिंगमधल्या वेळा मात्र वजनकाट्यावरच्या कॅमेऱ्यातून घेतल्यात, कारण माणसाला विचारलं तर प्रत्येक जण "पाचच मिन्टं झाली असतीन" म्हणतो, आणि या प्रकरणात तर सगळा खेळ मिनिटांचाच आहे.

काट्याच्या मागे मोठा पिंपळ, त्यावर आग्या माशीचं मोहोळ. दोन वर्षांपासून आहे, सगळ्यांना माहीत आहे, कोणी त्याच्या वाटेला जात नाही. त्या दिवशी दुपारी ३ वाजून ३९ मिनिटांनी एक ट्रॉली आली, कापूस एवढा वर भरलेला की वर बसलेल्या हमालाचं डोकं फांदीला लागत होतं. फांदी हलली, माशा उठल्या. हमालाने शेला डोक्यावर घेतला, हात झाडले, खाली उडी मारली. हात झाडले की माशा जास्त चवताळतात, आणि एक डंख बसला की त्यातून जो वास सुटतो त्याने बाकीच्या माशा त्याच जागी येतात, म्हणून त्याच्या मानेवर, हातावर, पाठीवर मिळून वीस-पंचवीस तरी डंख झाले. ओरडत ओरडत तो ऑफिसकडे पळाला आणि अख्खी जिनिंग त्याच्यामागे.

बाजूच्या ओट्यावर आठ-दहा बायका कापसातला कचरा वेचत होत्या. त्यातल्या एकीला, चाळिशीची असेल, कानामागे एक माशी चावली. एकच. तिने चिमटीत धरून काटा काढून फेकला आणि पदर घेऊन बसली. शेजारणीने विचारलं तर म्हणाली, "एकच तं चावली, काय होते." इथपर्यंत कोणालाच काही वाटायचं कारण नव्हतं, मलाही वाटलं नसतं.

४-५ मिनिटांत तिच्या तळहाताला खाज सुटली, मग तळपायाला, मग डोक्यात. हे तिने मला नंतर सांगितलं, तेव्हा कोणाला बोलली नाही. मग पोटात मुरडा आला. "मले पोटात कसंतरी होऊन रायलं व, मी जाऊन येतो" असं म्हणून ती उठली आणि मागच्या संडासकडे गेली, एकटी. कॅमेऱ्यात ३.४६ ला ती जाताना दिसते, चाल जराशी वाकडी. त्याच फ्रेममध्ये पलीकडे हमालाला मुनीमजींच्या बोलेरोत बसवणं चालू आहे, सात-आठ माणसं, एक जण पाणी ओततोय, एक जण मानेला चुना लावतोय. ३.४८ ला बोलेरो तालुक्याकडे निघाली. जिनिंगमधली एकुलती एक गाडी.

हमाल सुजला होता, कळवळत होता, पण नीट बोलत होता, श्वास व्यवस्थित, चालत गाडीत बसला. त्याला झालं ते विषाचं दुखणं. डंख शेकड्यांनी असले तर तेच विष किडनीपर्यंत जातं आणि ते वेगळं मोठं प्रकरण होतं, पण वीस-पंचवीसात सशक्त माणूस बहुतेक सुजेवर आणि ठणक्यावर निभावतो, डॉक्टरला दाखवायचं हे आहेच. बाईचं तसं नव्हतं. अ‍ॅलर्जी डंख मोजत नाही. ज्याच्या शरीरात आधीच्या डंखाने त्या विषाविरुद्धच्या अँटिबॉडी तयार होऊन बसल्यात त्याला एक माशी पुरते, अंगभरच्या पेशी एकदम हिस्टामिन आणि बाकीची रसायनं सोडतात, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि गळायला लागतात. वाईट रिअ‍ॅक्शनमध्ये १० मिनिटांत रक्तातला ३५ टक्क्यांपर्यंत द्रव वाहिन्यांच्या बाहेर जाऊ शकतो. म्हणजे बाहेर थेंब न सांडता माणसाचं रक्त कमी पडतं. घसा सुजतो, श्वासनळ्या आवळतात, आतडी आकसतात. त्या आतड्यांमुळेच तो मुरडा. माशी चावल्यावर किंवा इंजेक्शन घेतल्यावर लगेच उलटी, जुलाब, संडासला जायची घाई होणं हे धोक्याचं लक्षण आहे हे आपल्याकडे कोणाला माहीतच नाही, आपल्याला वाटतं घाबरली असेल, दुपारचं जेवण बाधलं असेल. आणि माणूस जातो कुठं तर संडासात, दार लावून, जिथे पडला तरी दिसत नाही.

तिच्या नशिबाने शेजारीण चौकस होती. पाच-सहा मिनिटं झाली तरी आली नाही म्हणून बघायला गेली तर ही दाराला टेकून बसलेली, ओठ सुजलेले, अंगावर गांधी उठलेल्या, आवाज घोगरा. "काय झालं व?" तर उत्तर नाही, नुसती मान हलवते. ३.५२.

आता पुढची दहा मिनिटं बघा. दोघींनी तिला काखेत धरून उभं केलं आणि चालवत ओट्यापर्यंत आणलं. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. एकीने कांदा चोळला, एकाने किल्ली घासली डंखावर, कारण लोखंड घासलं की विष उतरतं म्हणतात. पाणी पाजायचा प्रयत्न झाला, ठसका लागला. ऑफिसच्या ड्रॉवरमधून कोणीतरी अ‍ॅलर्जीवरची अ‍ॅविलची गोळी आणली, ती तोंडात कोंबली, ती अर्धी बाहेर आली. फर्स्ट एड पेटी भिंतीवर होती, कुलूपबंद, किल्ली मुनीमजींच्या खिशात, आणि मुनीमजी बोलेरोत. पेटी मी नंतर उघडून पाहिली, एक्स्पायर झालेलं बर्नोल, एक पट्टी, अर्धी आयोडीनची बाटली, आणि कापूस नव्हता. जिनिंगच्या पेटीत कापूस नाही, आता काय बोलणार.

पण पेटी उघडली असती तरी फरक पडला नसता, हे स्पष्ट सांगतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी कामगार संहिता लागू होईपर्यंत १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम ४५ दर १५० कामगारांमागे एक पेटी आणि ती सांभाळणारा प्रथमोपचार शिकलेला माणूस मागायचं, ५०० च्या वर कामगार असतील तर अ‍ॅम्ब्युलन्स रूम मागायचं. ती पेटी बोट कापलं, भाजलं यासाठीची आहे. या दुखण्यावरचं पहिलं औषध एकच, अ‍ॅड्रेनॅलिन, आणि ते पेटीत कधीच नसतं.

सगळ्यात घातक गोष्ट झाली ती चालवणं आणि खुर्चीत बसवणं. अंगातलं रक्त आधीच कमी पडलेलं, त्यात उभं केलं की जे आहे ते पायात उतरतं, हृदयाला पंप करायला काही उरत नाही, आणि माणूस तिथल्या तिथे जाऊ शकतो. इंग्लंडमधले डॉ. रिचर्ड पम्फ्री यांनी अशा मृत्यूंचे कागद काढून अभ्यास केला होता, त्यात आडवा असलेला माणूस उठवून बसवला किंवा उभा केला आणि लगेच गेला अशा केसेस त्यांना सापडल्या, तो पेपर २००३ चा. त्यांचाच २००० चा पेपर आहे वेळेवर. मरण पावलेल्यांमध्ये हृदय बंद पडेपर्यंतचा मधला आकडा खाण्याच्या अ‍ॅलर्जीत ३० मिनिटं, डंखात १५ आणि दवाखान्यात दिलेल्या औषधात ५. आमच्या बाईला खुर्चीत बसवलं तेव्हा डंखाला १४ मिनिटं झाली होती.

खुर्चीतच तिची मान पडली. डोळे पांढरे केले. तेव्हा मात्र मुकादमाने १०८ ला फोन लावला, ३.५६ ला. सांगितलं काय, तर "बाईले माशी चावली." आता पलीकडच्या माणसाला यातून काय कळणार? त्यांनी चार प्रश्न विचारले, याने घाईत दोनची उत्तरं दिली, पत्ता सांगितला जिनिंगचं नाव आणि "फाट्याजवळ." श्वास अडकलाय, बेशुद्ध पडतेय, माशीची रिअ‍ॅक्शन आहे, या तीन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. गाडी तालुक्यावरून निघणार, अर्धा-पाऊण तास लागेल म्हणाले.

गेटवर एका शेतकऱ्याचा छोटा हत्ती कापूस खाली करून हिशोबाच्या पावतीसाठी उभा होता. त्याने स्वतः होऊन गाडी वळवली. आधी तिला समोर ड्रायव्हरच्या बाजूला बसवायचं चाललं होतं, "बाईमाणूस आहे, मागे कसं टाकायचं" म्हणून. पण ती बसूच शकेना, घसरून खाली येत होती, म्हणून नाइलाजाने मागे हौद्यात टाकली, तळाशी उरलेल्या कापसावर, आडवी. पाय त्या शेजारणीने मांडीवर घेतले, का तर जागा नव्हती. झोपवलेली आणि पाय वर, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं, आणि कोणाला कल्पनाही नाही. बोलेरो असती तर मागच्या सीटवर दोघींच्या मध्ये सरळ बसवून नेली असती, आणि मग हे प्रकरण मी वेगळं लिहिलं असतं.

गाडी निघाली ४.०१ ला. कुठे न्यायचं यावर हौद्यातच वाद, एक म्हणे तालुक्याला, एक म्हणे थेट सेवाग्रामला. शेजारणीची जाऊ गावातली आशा सेविका आहे, त्यामुळे शेजारीणच म्हणाली, "आधी सिस्टरकडे थांबवा, लसीच्या दिवशी त्याईच्याकडे रियाक्शनचं इंजेक्शन असते." हे वाक्य मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं, कारण सगळ्या प्रकरणात डॉक्टर सोडून असं बोलणारी ती एकटी. उपकेंद्र जिनिंगपासून चार किलोमीटर, रस्त्यावरच. जिनिंगचे लोक रोज तिथून जातात येतात, आणि तिथे हे औषध असतं हे मालकापासून मुकादमापर्यंत कोणालाच ठाऊक नाही.

लसीकरणानंतर कोणाला अशी रिअ‍ॅक्शन आली तर वापरायला एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका) सिस्टरकडे अ‍ॅनाफिलॅक्सिस (म्हणजे अशा जीवघेण्या अ‍ॅलर्जीचं) किट दिलेलं असतं, त्यात अ‍ॅड्रेनॅलिनचे अँप्यूल, १ मिलीची सिरिंज, सुया आणि वयाप्रमाणे डोसचा तक्ता. वरच्या हॉस्पिटलला पाठवण्याआधी एक डोस मांडीत द्यायची त्यांना परवानगी आणि ट्रेनिंग दोन्ही आहे. किट लसीसाठीचं, माशीसाठी वापरायचं की नाही असा विचार करत बसली असती तर कोणी दोष दिला नसता. या सिस्टरांनी एक हात मनगटावर ठेवला, नाडी लागेना, बोटाला ऑक्सिमीटर लावलं तर ऑक्सिजन ८६, म्हणजे बराच कमी, आणि तिथेच गाडीत, खाली न उतरवता, अँप्यूल फोडून अर्धा मिली मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध दिलं, लुगड्यावरूनच. मोठ्या माणसाचा डोस तेवढाच, अर्धा मिलीग्रॅम. ४.०९. इंजेक्शन देऊन झाल्यावर मग मेडिकल ऑफिसरांना फोन लावला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

मांडीत का, दंडात का नाही? मांडीचा स्नायू मोठा, रक्तपुरवठा भरपूर, औषध लवकर चढतं. अ‍ॅड्रेनॅलिन सैल पडलेल्या वाहिन्या आवळतं, श्वासनळ्या उघडतं, हृदयाला जोर देतं आणि पेशींतून आणखी रसायन सुटायचं थांबवतं. अ‍ॅविल यातलं काही करत नाही, ते खाज आणि गांधी कमी करतं. डेक्सा, हायड्रोकोर्टिसोन या स्टिरॉइडांना परिणाम दाखवायला तास लागतात. पण आपल्याकडे गावोगावी "रिअ‍ॅक्शन आली? अ‍ॅविल-डेक्सा ठोका" हेच चालतं, खुद्द दवाखान्यांतही, आणि अ‍ॅड्रेनॅलिन म्हटलं की "हार्टवर लोड येईल" म्हणून हात आखडतो. शिरेतून भसकन दिलं तर ते धोक्याचं आहेच, ती भीती खरी. मांडीत योग्य डोसने देताना ती भीती धरून बसणं म्हणजे पेशंट घालवणं. छाती धडधडते, हात कापतात, पाच-दहा मिनिटांत निवळतं. ज्याचा श्वास बंद पडतोय त्याला धडधड परवडते.

दोन-तीन मिनिटांत तिने डोळे उघडले, "पानी" म्हणाली. लगेच सगळ्यांना हायसं वाटलं आणि ती उलटीसाठी उठायला लागली, सोबतचे लोकही तिला टेकवून बसवायला निघाले. सिस्टर ओरडल्या, "उठवू नका तिले, कुशीवर करा." तरी अर्धवट उठलीच, आणि परत डोळे फिरवले. डॉक्टर फोनवरच होते, पाच मिनिटं झाली का विचारलं, झाली म्हटल्यावर दुसरा डोस द्यायला सांगितला. तो ४.१५ ला दुसऱ्या मांडीत. ऑक्सिजन उपकेंद्रात नव्हता. ४.३१ ला १०८ आली, त्यात ऑक्सिजन, सलाईन, डॉक्टर. त्यांना मुकादमाने जिनिंगकडून उपकेंद्राकडे वळवलं होतं, फोन करून, हे त्याने चांगलं केलं.

तालुक्याच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये तिला रात्रभर ठेवलं. संध्याकाळी सहालाच ती "आता बरं वाटते, घरी जातो" म्हणत होती, मजुरी बुडते, लेकराचं जेवण, हे सगळं. डॉक्टरांनी सोडलं नाही, कारण काही जणांना ही रिअ‍ॅक्शन पुन्हा डंख न होता काही तासांनी परत येते, आणि जिला दोन डोस लागले तिच्यावर लक्ष ठेवायलाच हवं. हिला परत आली नाही. तोच हमाल बाजूच्या वॉर्डात होता, दुसऱ्या दिवशी दोघं एकाच ऑटोने गावी आले.

चौकशीत एक गोष्ट निघाली ती मला सगळ्यात जास्त खटकली. शेजारीण म्हणाली, "मागच्या साली निंदनाले गेलो तवा बी इले माशी चावली होती, साऱ्या अंगावर गांधी, तोंड सुजलं होतं, मंग पडून रायली दिवसभर." म्हणजे इशारा आधीच मिळालेला. पण ती ठेकेदाराची मजूर, हजेरीच्या वहीत तिचं नाव म्हणजे नवऱ्याचं नाव आणि पुढे "ची बाई." घरचा फोन नंबर नाही. हॉस्पिटलने विचारलं पूर्वी काही अ‍ॅलर्जी, तर सोबत गेलेल्या शेतकऱ्याला काय माहीत. सीझनला मजूर घेताना मुकादम वजन उचलता येतं का विचारतो, तिथेच "माशी, विंचू, कोणतं औषध, खाण्यातलं काही, कशाने अंग सुजलं होतं का कधी" एवढं विचारायला अर्धं मिनिट जास्त लागतं. आता विचारतात, आणि पहिल्याच आठवड्यात आणखी दोन माणसं निघाली, एक पेनिसिलिनवाला आणि एक दुखण्याच्या गोळीवाला. दुखण्याच्या गोळीवाल्याला मी मुद्दाम भेटलो, कारण जिनिंगमध्ये कंबर धरली की मुनीमजी ड्रॉवरमधून गोळी काढून देतात. ते बंद करायला सांगितलंय.

काय काय बदललं म्हणाल तर ट्रॉलीची उंची गेटवर बांबू बांधून ठरवली, पिंपळाखालची लाईन दुसरीकडून वळवली. मोहोळ जाळायचा विषय निघाला होता, मी विरोध केला. कापसाच्या गंज्यांशेजारी मशाल पेटवणारा माणूस मला माशीपेक्षा जास्त घातक वाटतो. मेळघाटात धूर आणि पोशाख घेऊन रात्री मध काढणारी शिकलेली माणसं आहेत, मधाचं गाव म्हणून आमझरी प्रसिद्धच आहे, तिकडून कोणाला बोलवता येतं का ते मालक बघतायत. डंख झाला की काटा ताबडतोब काढायचा हे सगळ्यांना शिकवलं. नखाने खरवडायचा की चिमटीने यावर ट्रेनिंगमध्ये कायम भांडण होतं, पण लॅन्सेटमध्ये १९९६ ला आलेल्या अभ्यासात पद्धतीने फरक पडला नाही, उशिराने पडला. त्यामुळे बाईने चिमटीने काढला तो बरोबरच.

पेटीचं कुलूप काढलं. जोडीने फिरायचा नियम केला, म्हणजे डंख झालेला माणूस अर्धा तास एकटा कुठे जाणार नाही, संडासलाही सोबत कोणीतरी दाराबाहेर. बायकांनी हे लगेच उचललं, पुरुष हसले. गेटवर पाटी लावली, १०८ ला काय बोलायचं त्याची चार वाक्यं, उपकेंद्राचा आणि सिस्टरांचा नंबर, जिनिंगचा नीट पत्ता.

मालक म्हणाले, इंजेक्शनच ठेवू इथे, पैसे मी देतो. तसं सोपं नाही. परदेशात असतं तसं पेनासारखं ऑटोइंजेक्टर आपल्याकडे तालुक्याच्या मेडिकलवर मिळत नाही. मिळतो तो काचेचा अँप्यूल, स्वस्त आहे, पण डॉक्टरच्या चिठ्ठीवर, आणि घाबरलेल्या माणसाने काच फोडून, अर्धा मिली मोजून, मांडीत देणं हे शिकल्याशिवाय होत नाही. शिवाय २५ डिग्रीच्या खाली आणि उजेडापासून लांब ठेवायचं. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या ऑफिसात ते टिकेल का? रंग गुलाबी-तपकिरी झाला की फेकायचं. म्हणून जिनिंगमध्ये ठेवलं नाही, उपकेंद्राच्या डॉक्टरांशी बोलून ठरलं की दिवसा माणूस आडवा घालून तिकडे न्यायचा किंवा सिस्टरांना इकडे आणायचं, जे लवकर होईल ते.

बाईला मात्र तिच्या नावाने चिठ्ठी मिळाली, दोन अँप्यूल, सिरिंजा, सगळं एका प्लास्टिकच्या डब्यात, घरी माठामागे थंडाव्यात आणि कामावर येताना पिशवीत. शिकवलं तिच्या बारावीतल्या पोराला आणि त्या शेजारणीला. सिस्टरांनी संत्रं आणून त्यात साधं पाणी टोचायला लावलं, पोराने तीन अँप्यूल फोडताना एकदा बोट कापून घेतलं, आता रुमालात धरून फोडतो. माशीच्या विषाची अ‍ॅलर्जी कमी करायची इंजेक्शनं असतात, तीन ते पाच वर्षांचा कोर्स, त्यासाठी तिला नागपूरला अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरकडे जायला सांगितलंय. सीझन संपल्यावर जातो म्हणाली.

रात्रपाळीचं काहीच सुटलेलं नाही. कापसाच्या गाठी बांधायचा प्रेस रात्रभर चालतो, उपकेंद्र रात्री बंद, सिस्टर क्वार्टरला असतात तेव्हा असतात. माशा रात्री सहसा उठत नाहीत हे खरं, पण पेनिसिलिनवाला आणि गोळीवाला दोघंही रात्रपाळीलाच आहेत. तूर्तास बोलेरो रात्री जिनिंगमध्येच उभी राहील, किल्ली गाडीलाच, आणि मागची सीट पाडून ठेवायची असं मुनीमजींना लेखी दिलंय.